डाव्या बाजूची चटणी

सासूबाईंना मी आत्या म्हणते. वळसंग गावचं घर सोडून त्या शहरात, जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या आणि माझ्या शेंगाचटणीला हात लावेनाशा झाल्या. ताटात डावीकडे वाढलेली चटणी जशीच्या तशी. उजवीकडची भाजीसुद्धा कधीकधी तशीच राही. माझा स्वभाव मुळात तिखट. तोंडातून अवाक्षर काढलं नाही, पण भांडी भरपूर आपटली.

मग त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला आपटू लागला. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला. तिसऱ्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रासमोर बसवलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. छापून आलेल्या कागदावर दोन्ही कडा काळ्या होत्या.

"जेवताना ताटातलं काही राहून जातं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"राहून कसलं जातंय? माझी चटणी टाकतात," मी बोलून गेले.

आत्या माझ्याकडे वळल्या. "तू वाढत हुतीस व्हय? मला वाटलं, हिच्या हातनं सुटंना. सुनंकडं मागून खायचं कसं?"

आठ महिने आम्ही दोघी एकाच टेबलाशी रुसून जेवत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एमआरआयमध्ये गाठ दिसली. पिट्युटरी ग्रंथीच्या जरा वर, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात तिथेच. दुर्मीळ, पण कॅन्सर नव्हे. मात्र नसा दाबल्या जात होत्या, उशीर केला तर नजर कायमची जाणार होती. मेंदूचे सर्जन म्हणाले, नाकातून दुर्बीण घालून काढू. नजर बरीचशी परत येईल असं वाटतं, पण शब्द देत नाही.

"नाकातनं? मग नथ घालता येईल न्हवं?" आत्यांना एवढीच काळजी. मी मात्र ऑपरेशन संपेपर्यंत देवाशी भांडत होते.

गाठ निघाली. घरी आल्यावर वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. ठसका लागून शिंक यायला नको म्हणून मी मिरची कुटणंही बंद केलं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दीड महिन्यानं पहिली चटणी केली आणि दिसावी म्हणून ताटात मधोमध, भाकरीवरच वाढली.

आत्यांनी ती बोटानं डावीकडे सारली.

"चटणीची जागा हितं असती. दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "आन् मीठ कमी हाय."

मी मीठ आणायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून पोटभर रडले.