सगुणमाम शेवटी बोलला

सगुणमाम माझ्या आईचा भाऊ. पार्सेत राहतो, पेडण्याच्या कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवतो. मी शाळा सोडली तेव्हा घरातले सगळे अंगावर धावून आले, हा एकटा आला नाही. म्हणून त्याला कोण काय बोललेलं मला चालत नाही. पण त्याचं चुकतं ते मी सांगणार.

चुकतं एवढंच, की कौतुक केलं तर दृष्ट लागते असं त्याच्या डोक्यात बसलंय. पोरीने अर्ध्या कोर्टावरून बास्केट टाकली तरी हा म्हणणार, "ठीक. धाव."

आता याचा तोटा ऐका. दरवर्षी स्पर्धेआधी सगळे कोच म्हापशाला जमतात आणि चार भारी टीम ठरवतात. त्या चार पहिल्या मॅचला एकमेकींसमोर येत नाहीत. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. माम दरवर्षी म्हणायचा, "आमचं काय, असंच." मग चिठ्ठीत कधी डिचोली, कधी म्हापसा. चार वर्षं पहिलीच मॅच हरून आम्ही जेवणाआधी घरी.

यंदा त्या चारांतली एक टीम उतरणार नव्हती. जागा मोकळी. कॅप्टन तेजस्विनी म्हणाली, "सर, माझं शेवटचं वर्ष. एक मॅच तरी जिंकूया. तोंड उघडा हां!"

"बघतो," माम म्हणाला.

तो काय बघणार मला माहीत होतं. मीच त्याला स्कूटरवर घालून म्हापशाला नेला आणि खोलीत मागे जाऊन बसले.

डिचोलीच्या शालिनी मॅडम, गेल्या वर्षीच्या चॅम्पियन, त्या पण रडायला लागल्या. "यंदा कठीण आहे. आमच्या उंच पोरीचं लग्न ठरलं."

"मॅडम, गेल्या वर्षीपण तिचंच ठरलेलं!" कोणतरी ओरडलं. सगळे हसले.

"चौथी कोण? पेडणे?" शालिनी मॅडमनीच विचारलं.

"आमचं काय..." मामने सुरू केलं.

म्हापशाचे निलेश सर मध्येच म्हणाले, "सोडा हो. पेडण्याची चेडवां मॅचला नाय, आमच्या म्हापशाचा शुक्रवारचा बाजार करायला येतात."

माम ताडकन उठला. खुर्ची मागे पडली.

"निलेश, आता ऐक. माझी तेजस्विनी दहातले नऊ फ्री थ्रो घालते. अंकिता चोपड्याची, बापाबरोबर जाळं ओढते. तिच्या हातातला बॉल काढून दाखव, मी कोचिंग सोडतो. आणि पूनम पाच फूट पण नाय, पण तुझ्या पोरींच्या बगलेखालून कधी गेली ते त्यांना घरी गेल्यावर कळेल!"

दहा मिनिटं बोलला. बाराच्या बारा पोरी, राखीवसुद्धा सोडल्या नाहीत.

"सगुण, पुरे रे बाबा," शालिनी मॅडम म्हणाल्या. "चौथा नंबर घे, पण बस!"

माम बसला तो सरळ जमिनीवर. मी धावेपर्यंत सगळी खोली हसत होती, मामपण.

पहिल्या मॅचला वाळपईला सात पॉइंटांनी हरवलं. तेजस्विनी रडली, मी पण रडले, काय ते. सेमीत डिचोलीने आम्हाला काढलं. त्यांची ती लग्न ठरलेली पोर पूर्ण मॅच खेळली.

पण माम आता थांबत नाही. परवा म्हापशाहून येताना बसमध्ये कंडक्टरला एकेका पोरीचा खेळ सांगत होता.

"सर, आधी तिकीट घ्या," तो कंटाळून म्हणाला.

"घेतो रे," माम म्हणाला, "पूनमचं सांगायचं राहिलंय."