इंजिनिअरनं शेवटी बोलायचं

मित्रांनो, आज सकाळी अमरावतीत कापसातून सरकी काढणाऱ्या एका नव्या जिनिंग कारखान्यात गेलो होतो. मशीनच्या तोंडाशी कापूस झटकायची जाळी दिसली आणि पाय तिथंच थांबले.

१९६३ साली मी वलगावकडच्या एका लहानशा सहकारी जिनिंगमध्ये इंजिनिअर होतो. तिथं ना मुकादम, ना साहेब. रोज मशीन सुरू करण्याआधी सगळे गोणपाटावर बसायचे. सगळ्यात नवा माणूस आधी बोलायचा, इंजिनिअर शेवटी. मला या पद्धतीचा राग यायचा.

त्या हंगामात कापसातल्या खिळ्या-खड्यांची ठिणगी उडून दोनदा आग लागली. दुसऱ्या आगीनंतरच्या बैठकीत, चार दिवसांपूर्वी कामावर आलेली वेणूबाई आधी बोलली, "आमी घरी गहू चाळतो, खडे खाली पडतेत. मंग कापूस काहून नाई चाळत?"

मला हसू आलं. पण माझी पाळी येईपर्यंत दोघं उठून जाळी शोधायलाही गेले होते. मशीनच्या तोंडाशी जाळी बसली आणि त्या हंगामात पुन्हा आग लागली नाही.

इतकी वर्षं मी वेणूबाईच्या डोक्याचं कौतुक करत आलो. आज त्या गोणपाटापुढं हात जोडावेसे वाटले. मी आधी बोललो असतो, तर ती बोललीच नसती.

तुमच्या ऑफिसात आधी कोण बोलतं?