आईचा व्यवसाय

मुलुंडच्या ज्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते, तिथे दुसऱ्या वर्षाला 'सामाजिक वर्ग' हा विषय आहे. वर्ग मोजायचा कसा, हे फळ्यावर सांगणं सोपं असतं. शिक्षण, काम, मिळकत, राहतं घर. त्यापुढे बोलणं-चालणं, आवडीनिवडी, कोणाकोणाशी ओळखी. आणि सगळ्यात शेवटी त्या माणसालाच विचारायचं, बाबा रे, तू स्वतःला कुठे धरतोस? बहुतेक जण 'मध्यम' म्हणतात.

मुलांना हे नीट कळावं म्हणून मी एक फॉर्म केला होता. प्रत्येकाने आपल्या घराचा फॉर्म भरायचा आणि वर्गात उभं राहून वाचायचा. माझ्या मते ही झकास कल्पना होती. सात-आठ वर्षं ती चालली आणि कोणी तक्रार केली नाही, त्यामुळे मीही कधी फार विचार केला नाही.

मग एका दुपारी स्टाफरूमच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पंचेचाळिशीच्या असतील. साडीचा पदर खोचलेला, हातात कापडदुकानाची पिशवी. पिशवीतून त्यांनी माझाच फॉर्म काढला.

"हा तुम्ही दिलात ना, मॅडम? माझ्या मुलीला?"

मी हो म्हटलं, त्यांना बसायला सांगितलं. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"मला वीस मिनिटं आहेत. मग पुढच्या घरी जायचंय. हा फॉर्म चुकीचा भरलाय. मला तो बरोबर करून पाहिजे."

मी वाचला. अक्षर त्यांच्या मुलीचं होतं. भांडुपहून येणारी, तिसऱ्या बाकावर बसणारी, हुशार पण कमी बोलणारी मुलगी. कुटुंबप्रमुख: वडील. व्यवसाय: कंपनीत मशीन ऑपरेटर. आई: गृहिणी. वर्ग: मध्यम.

"ह्यांची कंपनी टाळेबंदीनंतर बंद पडली ती पडलीच," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून ते घरी आहेत. कंबरेचं दुखणं आहे. मी पाच घरी पोळ्या करते. सकाळी तीन, दुपारनंतर दोन. घर त्याच्यावर चालतं, हिची फी त्याच्यावर. गृहिणी लिहायचंच असेल तर ह्यांच्या नावापुढे लिहा. भात ते माझ्यापेक्षा बरा लावतात."

यात नवऱ्यावरचा राग नव्हता. त्या जे होतं ते सांगत होत्या.

मला थोडी लाज वाटली, कारण चूक फक्त मुलीची नव्हती. 'कुटुंबप्रमुखाच्या व्यवसायावरून घराचा वर्ग ठरवा' ही ओळ माझी होती. आमच्या विषयात हा वाद जुना आहे. घरातल्या एकट्या पुरुषाच्या कामावरून सगळ्या घराला मोजणं बरोबर का, यावर मी दर वर्षी एक तास घेते. आणि फॉर्म मात्र जुन्याच पद्धतीने छापत होते.

मी नवा फॉर्म घेतला आणि त्यांना विचारत गेले. शिक्षण नववी. गाव मालवणकडचं. सासरे गिरणीत होते. शेवटचा प्रश्न आला, तुम्ही स्वतःला कुठल्या वर्गातल्या समजता?

"मी जिथे पहिली जाते ना, त्या बाई म्हणतात आपण मिडल क्लास माणसं. तीन बाथरूम आहेत त्यांच्याकडे. मग मी कोण, सांगा?"

मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

तेवढ्यात मुलगी आली. आई आल्याचं तिला कोणीतरी सांगितलं असणार. ती दारातच थबकली.

"आई, तू इथे कशाला आलीस?"

"ये हय," आई म्हणाली. "खरा काय ता सांग मॅडमांक. गृहिणी कित्याक लिवलंस? माझी लाज वाटता तुका?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं होतं," ती म्हणाली. "मागच्या बाकावरच्या एकीच्या घरी तू जातेस. तू माझी आई, हे तिला माहीत नाही."

इतका वेळ ताठ असलेला बाईंचा चेहरा उतरला. पुढे होऊन त्यांनी मुलीचा हात धरला. "मगे बरोबर लिवलंस," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "मॅडम, वाचायला कशाला लावता हो पोरांना?"

माझे वडील सरकारी कचेरीत होते, आई शाळेत शिकवायची. त्या फॉर्मातलं एकही उत्तर वाचताना माझा आवाज अडखळला नसता. म्हणूनच मला हे कधी सुचलं नव्हतं. वर्ग मोजायला निघालेल्या मला माझा स्वतःचा वर्ग दिसला नव्हता.

"माझं चुकलं," मी दोघींना म्हटलं. चहा मागवते म्हटलं, पण वीस मिनिटं संपली होती. जाताना त्यांनी नवा फॉर्म एकदा वाचायला घेतला, 'व्यवसाय: स्वयंपाक, पाच घरी' या ओळीवर बोट टेकवलं, मान हलवली आणि गेल्या.

वाचन मी त्याच आठवड्यात बंद केलं. फॉर्मातून कुटुंबप्रमुख काढला, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं काम वेगळं विचारलं. विभागातले माझे ज्येष्ठ सहकारी वैतागले. "अगं, मग आधीच्या वर्षांशी तुलना कशी करणार? सगळं वाया गेलं ना." त्यांचं खरं होतं. तुलना गेली. पण नवे फॉर्म आले तेव्हा कितीतरी आयांची कामं पहिल्यांदाच कागदावर उमटली. डबे देणाऱ्या, फॉल-बीडिंग करणाऱ्या, शेजारच्यांची मुलं सांभाळणाऱ्या, पतपेढीसाठी दारोदार फिरणाऱ्या. या बायका आधीही होत्याच. मी विचारलं नव्हतं.

ती मुलगी पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. तासाला यायची, लिहून घ्यायची, जायची. मी तिला जिन्यात गाठून परत एकदा माफी मागितली.

"आईला तुम्ही आवडलात, मॅडम," ती म्हणाली. "ती घरी सगळ्यांना सांगते, माझं नाव कॉलेजात लिहून घेतलं म्हणून. पण मला थोडा वेळ लागेल."

"घे की," मी म्हटलं.

ती आता मालाडला एका ऑफिसात नोकरी करते. दिवाळीला मेसेज येतो. मागच्या खेपेला फोटो होता, नव्या गॅसच्या शेगडीपाशी आई आणि वडील दोघं उभे, वडिलांच्या हातात पळी.