प्रमोदिनीबाईंच्या कोरफडीच्या डब्या

लातुरात शिकवणीच्या पोरींसाठी खानावळी पुष्कळ; पण नाव निघायचं ते प्रमोदिनीबाईंचंच. वरणामुळं नव्हे. वरण पातळच असायचं, खोटं कशाला बोला! नाव होतं ते लोणच्यामुळं, आणि लोणच्याच्या बरण्यांशेजारी फळीवर मांडलेल्या कोरफडीच्या डब्यांमुळं.

त्या डब्यांचं मूळ भूकंपात. त्र्याण्णव साली बाई महिनाभर रोज मदतीच्या ट्रकमधून छावणीवर जायच्या. पिशवीत कोरफडीची पानं. पान तिथंच चिरायचं, गर काढायचा, चिमूटभर हळद घालायची आणि दगडमातीनं खरचटलेल्या हातापायांवर लावायचा. एक म्हातारी म्हणाली, ‘‘बाई, तुझ्या हाताला गुण हाय.’’ झालं! नवऱ्यानं उभ्या जन्मात केलं नसेल एवढं कौतुक त्या एका वाक्यात मिळालं. बाईंनी ते कायमचं मनात धरलं.

पुढं दहा वर्षांत गल्लोगल्ली शिकवणीच्या पाट्या लागल्या. गावोगावच्या पोरी आल्या, पोरींच्या तोंडावर पुटकुळ्या आल्या, आणि बाईंनी तोच गर मिक्सरमधून काढून, त्यात पाणी ओतून, कडुलिंबाचा पाला उकळून घालून डब्यांत भरायला घेतला. पाणी टाकीतलं. नळ आठवड्यातून एकदा यायचा, दुसरं कुठलं आणणार? डबीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: ‘शंभर टक्के नैसर्गिक. केमिकल नाही.’ छावणीत चिरलेलं पान तिथल्या तिथं संपायचं, इथली डबी महिना महिना फळीवर बसायची. हा फरक बाईंच्या ध्यानातच आला नाही.

तो आला नागसेन सरांच्या ध्यानात. सर शिकवणीत रसायनशास्त्र शिकवायचे, एकटेच राहायचे, दुपारी इथंच जेवायचे. एकदा डबी उघडून हुंगून म्हणाले, ‘‘ताई, पाणी आहे तिथं जंतू होणार. पोरी ओली बोटं घालतात, ते वेगळंच. कडुलिंबाच्या काढ्यानं एवढं भागत नाही. टिकवायला काहीतरी मोजून घालावं लागतं. मी आणून देतो, अगदी थोडं लागतं.’’

‘‘म्हणजे केमिकल?’’

‘‘मीठ तरी काय आहे, ताई? लोणच्यात तुम्ही ते कशाला घालता?’’

बाईंचा पारा चढला. तीस पोरींसमोर हातवारे करत म्हणाल्या, ‘‘ऐका गं, सरांना तुमच्या तोंडाला औषधं फासायचीत! चाळीस वर्षं लोणची घालतेय मी, आणि हे मला टिकवायला शिकवणार!’’ पोरी खो खो हसल्या. सर कानापर्यंत लाल झाले. ताटातला भात संपवून मुकाट्यानं उठले आणि तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

एप्रिलात डब्यांवर पांढुरकी साय धरली. बाईंनी चमच्यानं वरची काढली, खालचं ढवळलं. पोरींनाही सांगितलं, ‘‘आलीच तर लोणच्यासारखं करायचं. वरचं काढून टाकायचं, खालचं चांगलंच असतं.’’ अहो, लोणच्यात मीठ असतं, वर बोटभर तेल असतं! यात नुसतं टाकीतलं पाणी. पण सांगणार कोण? सांगणाऱ्याचं तर हसं करून झालं होतं.

चाकूरची श्रद्धा बाईंची लाडकी. मेडिकलच्या परीक्षेला नऊ दिवस उरले होते आणि तिचे दोन्ही गाल फोडांनी भरले, उजवा डोळा सुजून मिटला. बाईंनीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘तोंडाला काय लावतेस?’’

श्रद्धानं चांगल्या डोळ्यानं बाईंकडं पाहिलं. ‘‘काही नाही. टॉवेल मळका होता.’’

बाईंनी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

दुसऱ्या दिवशी पोरीची आई उमाबाई न्यायला आली. पोरीला बघून तिनं कपाळाला हात लावला. ‘‘टावेल धुवायला काय धाड भरली होती गं तुला? वर्षभर अभ्यास केलास न् आता हे!’’ श्रद्धा खाली मान घालून ऐकत राहिली. मग उमाबाई बाईंकडं वळली. ‘‘ताई, तुमी हुत्या म्हून बरं. एक डबी द्या की त्या कोरफडीची. धाकटीच्या तोंडावर बी लई पुटकुळ्या हायत. बाजारातल्या क्रीमवर माझा भरवसा न्हाई, तुमच्यावर हाय.’’

आणि बाईंनी दिली. हो, दिली! स्वतःच्या हातानं, फडक्यानं पुसून. वर कैरीचं लोणचं बांधून दिलं.

मायलेकींची रिक्षा गेली. बाईंनी फळीवरची दुसरी डबी उघडली. आंबूस वास आला. नागसेन सरांनी हुंगला होता तोच. मग मात्र बाई धावल्या. भरदुपारी, डोक्यावर पदर नाही, रिक्षावाल्याला ‘‘स्टँड, स्टँड’’ म्हणत.

चाकूरची गाडी सुटायच्या बेतात होती. बाई आत चढल्या आणि सगळ्या गाडीसमोर म्हणाल्या, ‘‘उमाबाई, ती डबी परत द्या. टॉवेलानं नाही झालं ते. माझ्या डबीनं झालं. मला काल दवाखान्यातच कळलं होतं. मी बोलले नाही. मला लाज वाटते हो.’’

उमाबाईला आधी उमगेना. मग तिनं पिशवीतून डबी काढून दिली. लोणच्याची पुडीही काढून त्यांच्या हातावर ठेवली.

बाई श्रद्धाकडं वळल्या. ‘‘तू तरी डॉक्टरांना खरं सांगायचंस, बाळा. मळक्या टॉवेलाचं का काढलंस?’’

‘‘तुम्हाला वाईट वाटलं असतं, मावशी.’’ पोरगी सुजल्या डोळ्यावर ओढणी धरून हळूच म्हणाली, ‘‘डबीला बुरशी आलेली मला दिसायची. तुम्ही सांगितलं होतं तसं मी रोज वरचं काढून टाकत होते.’’

कंडक्टरनं घंटी दिली. बाई डबी आणि पुडी घेऊन खाली उतरल्या.