तळ्याच्या पाळीवरचे तीन ठोंब

इतवारीतल्या माझ्या खोलीखाली हातगाड्या खडखडू लागल्या तेव्हा मी बुटांना पॉलिश करत होतो. नव्या नोकरीतला पहिला दौरा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरात मी पहिला बी.एस्सी.; मळक्या बुटांनी कामाला जाणे मला मंजूर नव्हते. भंडारा रस्त्यावरच्या एका गावचे तळे पाहायचे आणि मत्स्यबीज सोडण्याआधी त्यातल्या गवताचे काय करावे, ते अहवालात लिहायचे, एवढेच काम.

एस.टी.ने कन्हानचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या (भाताची खाचरे) सुरू झाल्या. आमच्या माळरानावर वाढलेल्या डोळ्यांना इतके हिरवे एकदम पचत नाही. उतरताना कंडक्टर म्हणाला, "बूट हातात घ्या साहेब, नाही त चिखल ठेवून घेईन." मी ऐकले नाही. पाव तासाने डावा बूट कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढावा लागला.

पण पाळीवर (तळ्याच्या बांधावर) चढलो आणि बूट विसरलो. कमळाच्या पानांवरून लांब शेपटीचे पक्षी जमिनीवर चालावे तसे चालत होते. काठाला कमरेइतके गवत, त्यात जांभळ्या पाणकोंबड्यांची कुरकुर. मी विजार गुडघ्यावर घेऊन पाण्यात शिरलो, त्या गवताचे तीन ठोंब मुळासकट उपटून पाळीवर ठेवले आणि वहीत ठासून लिहिले: 'तण. समूळ काढावे.' शेतकऱ्याच्या पोराला तण शिकवावे लागत नाही.

तुळसाबाई तिथेच जाळे वाळत घालत होत्या. ढिवर (मासेमारी करणाऱ्या) समाजाच्या, माझ्या आईच्या वयाच्या. माझा बूट पाहून पोटभर हसल्या, मग तो धुऊन उन्हात ठेवला आणि घरी जेवायला घेऊन गेल्या. ऋषिपंचमी होती. बैलाच्या कष्टाचे त्या दिवशी खायचे नाही, म्हणून पळसाच्या पत्रावळीवर परसातले अळू आणि तांबूस, थोडा चिवट भात होता. असा गोड भात मी खाल्ला नव्हता.

"मावशी, हा तांदूळ कोणत्या शेतातला?"

त्यांनी हनुवटीने पाळीकडे खूण केली. "तुमी सकाळी उपटून ठेवलं ना बाबू, त्यातलाच."

मग त्या सांगत गेल्या. ते देवधान होते. नांगरणी नाही, पेरणी नाही. कार्तिकात पिकले की बायका डोंग्यातून (खोड कोरून केलेल्या होडीतून) कणसे हलकेच झोडतात. अर्धे टोपल्यात पडते, अर्धे पाण्यात. पाण्यात पडलेल्याला कोणी हात लावत नाही. ते पुढल्या वर्षाचे बी. आणि टोपल्यातला साठा वर्षभर या दिवसासाठी राखून ठेवतात.

"वहीत काय लिहिलं?" त्यांनी विचारले. मी वाचून दाखवले. त्या भांडल्या नाहीत. "जेवून घ्या," एवढेच म्हणाल्या. "मंग डोंग्यात बसा."

गवताच्या कडेला डोंगा थांबवून त्यांनी धांडे (ताटे) बाजूला केले. आत, सावलीतल्या पाण्यात, माशांची पिल्ले मोहरीएवढी, हलत होती. जवळच्या पानावर त्या लांब शेपटीच्या पक्ष्याची चार अंडी, वार्निश लावल्यासारखी चकचकीत.

"हे काढसान त हे लेकरं लपतीन कुठी? तुमचं नवं बी तरी लपन कुठी?"

हे आम्हाला कॉलेजात शिकवले होते, मी बोलून गेलो. त्या धड्यावर मला चांगले मार्कही होते.

"मंग विसरले काहून?" म्हणून त्या पुन्हा हसल्या.

तिन्ही ठोंब मी अनवाणी उतरून परत रोवले. दोन सरळ उभे राहिले. तिसरा कलला तो कललाच.

कचेरीत साहेबांनी अहवाल वाचून विचारले, "तळे बघायला पाठवले होते, गवताची वकिली करायला नाही. कोणी शिकवले हे?" मी म्हणालो, एका ढिवरीण बाईंनी. शेजारच्या टेबलावर कोणीतरी हसले. मत्स्यबीज लपणार कुठे, असे मी विचारले तेव्हा साहेबांनी अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला. 'मधला भाग मोकळा करावा, काठ राखावा' यावर त्यांनी सही केली.

त्या संध्याकाळी खोलीवर आईला कार्ड लिहायला बसलो. आमच्या गोठ्यामागे एक कोपरा आहे. तिथे ती नांगर घालू देत नसे; आपोआप उगवेल ते उगवू देई. पदवी घेऊन गेलो त्या श्रावणात मीच तो खुरपून लख्ख केला होता, आणि पुढे ऋषिपंचमीला आईने नुसत्या पाण्यावर दिवस काढला. मला वाटले, यंदा उपास कडक असेल.

लिहिले: 'गोठ्यामागचा कोपरा राख. मी आलो तरी खुरपे माझ्या हाती देऊ नकोस.' कारण लिहिले नाही. कार्ड तिला शेजारचे मास्तर वाचून दाखवणार होते. आणि ते कारण तिला माझ्या आधीपासून ठाऊक होते.