जिथे हजेरी लागते

पाटण तालुक्यातल्या एका डोंगरावरच्या उपकेंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा गावाने माझ्याकडे नुसतं बघून घेतलं. आधीची बाई कराडहून कधीतरी उगवायची आणि सह्या करून परत जायची. त्यामुळे माझ्याकडून कुणाला काही आशा नव्हती. माझं माहेर पलूसचं, सपाटीवरचं. ती चढण बघूनच मला धडकी भरली होती, पण नोकरी पक्की होती आणि मला काम करायचं होतं.

गावातले एक निवृत्त फौजी मात्र पहिल्याच दिवशी येऊन बसले. आधीच्या बाईविरुद्ध ग्रामसभेत तेच भांडले होते. "पगार सरकारचा, मग हजेरी नगं व्हय सरकारनं घ्यायला?" असं ते अजूनही तावातावाने सांगत. मोबाइलवर चेहरा दाखवून हजेरी लावायचा नियम आला तेव्हा त्यांना कोण आनंद! मलाही झाला, खोटं कशाला बोलू? काम करणाऱ्याला हजेरीची भीती कशाला?

हजेरी जिथे लागेल ते उपकेंद्राचं ठिकाण यंत्रात नोंदवायला जिल्ह्याहून एक माणूस आला. वर उपकेंद्रात रेंज नव्हती. तो मोबाइल हातात धरून उतरत गेला आणि खाली एसटीच्या थांब्यापाशी रेंज लागली, तिथेच त्याने बटण दाबलं. झालं! त्या दिवसापासून सरकारच्या लेखी आमचं उपकेंद्र एसटीच्या थांब्यावर आलं. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिथे उभं राहून चेहरा दाखवला तरच हजेरी. मी वर जायचे, जरा कुठे पेशंट बघायला लागले की उतरायची वेळ व्हायची. पुन्हा वर येईपर्यंत माणसं कंटाळून गेलेली असायची. पुढे डोंगरावर टॉवर झाला, रेंज आली, पण ठिकाण काही वर आलं नाही.

मी अर्ज केले. आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणाले, "माझ्या हातात नाही, जिल्ह्याला विचारा." साताऱ्याला गेले, तर तिथले साहेब म्हणाले, "हे वरून बदलतं." वर म्हणजे कुठे, ते कुणालाच सांगता येईना. खरी गोष्ट वेगळीच होती. आमच्या भागातले पुढारी सभेसभेत सांगत फिरत होते की त्यांनी कामचुकारांना वठणीवर आणलं, तालुक्यात हजेरी पूर्ण लागते. आता एका उपकेंद्राचं ठिकाण चुकलं म्हणायचं, तर बाकीच्यांचंही तपासावं लागणार. ते कुणाला हवं होतं? डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "बाई, तुमचा पगार निघतोय ना? मग गप बसा." मला इतका संताप आला की खुर्ची सरकवून मी तशीच बाहेर पडले.

मग मी पेशंटनाच खाली बोलवायला लागले. थांब्यावरच्या बाकड्यावर बसून बीपी मोजायचं, गोळ्या द्यायच्या. चढउतार करू शकणारे आले, म्हातारी माणसं राहिली. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला आणि तो गावोगाव फिरला. लगेच नोटीस आली, उपकेंद्राबाहेर, रस्त्यावर सेवा का दिली याचा खुलासा करा. यंत्राच्या लेखी मी उपकेंद्रात, नोटिशीच्या लेखी रस्त्यावर! हसावं की डोकं आपटावं, कळेना. खुलासा दिला आणि बाकडंही बंद केलं.

काही महिन्यांनी साताऱ्यात कार्यक्रम झाला. पूर्ण हजेरी लावणाऱ्या नर्सबायांचा सत्कार होता, त्यात मीही होते. शाल पडली, नारळ मिळाला, फोटो निघाले. त्यानंतर त्याच स्टेजवरून एका साहेबांनी सुधारणेचा पुढचा टप्पा सांगितला. ज्या उपकेंद्रांत पेशंट येत नाहीत ती बंद करून खालच्या गावांतल्या केंद्रांना जोडायची. यादीत आमचं उपकेंद्र होतं. मी शाल अंगावर घेऊनच उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, आमची हजेरी वर लागतच नाही, म्हणून पेशंट कमी दिसतात." साहेब हसून म्हणाले, "मॅडम, सूचना लेखी द्या." टाळ्या पडल्या. कशासाठी पडल्या, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी फौजींच्या घरी गेले. ते त्यांच्या वीटभट्टीवर निघाले होते. बातमी ऐकून दारातच बसले. त्यांच्या बायकोला साखरेचा त्रास, पायाची जखम भरत नव्हती. ड्रेसिंगसाठी ती काठी टेकत उपकेंद्रात यायची. तिला यातलं ठिकाण, यंत्र, यादी काही ठाऊक नव्हतं. तिने विचारलं, "आवं बाई, पर बंद का करत्यात?"

"पेशंट येत नाहीत म्हणून," मी म्हणाले.

तिने पाय जवळ ओढून घेतला.

"आमी येतच हुतो की, बाई. तुमीच न्हाई दिसायच्या."