हे आणि ते

वसुधाताई मोहरील नवऱ्याला 'हे' म्हणायच्या. त्यांच्या वयाच्या सगळ्याच बायका म्हणतात, त्यात नवल काही नाही. पण दोन वर्षांपासून त्या घरात एक 'ते'सुद्धा होतं, आणि त्याचंही नाव त्या घेत नसत. "हे बाहेर गेलेत, आणि ते घेऊन गेलेत," असं शेजारच्या अनुराधेला सांगायच्या. ते म्हणजे रिव्हॉल्वर. केशवरावांचे थोरले भाऊ ग्वाल्हेरला वारले आणि मागे ते ठेवून गेले. लोकांचे भाऊ घड्याळ ठेवून जातात, फार तर एखादी शाल ठेवून जातात, आणि आमच्या नशिबी ते!

केशवराव कोण ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मिशीला पीळ देणारा कुणी गडी असेल. छे हो. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून हलली तेव्हा त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले. केशवराव इथेच जन्मले, इथेच शिकले, सिंचाई विभागात बाबूगिरी केली आणि नेहरू नगरात चार खोल्या बांधून रिटायर झाले. भिंतीवर पाल दिसली की खुर्चीवर चढणारा माणूस. एकुलती एक मुलगी सोनल, तिला जन्मात कधी चापट मारली नाही. बोलायला मात्र एक नंबर.

पार्कच्या कोपऱ्यात कडुनिंबाभोवती सिमेंटचा ओटा आहे. तिथे संध्याकाळी आसपासची मराठी मंडळी जमतात, आणि त्या ओट्याला 'कट्टा' हे नाव केशवरावांनीच दिलं. आता तुमच्या पुण्या-मुंबईत कट्टा म्हणजे गप्पा हाणायची जागा. भोपाळात कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल! शेजारच्या तिवारीजींनी एकदा घाबरत घाबरत विचारलं होतं, "भाईसाब, आप लोग रोज शाम को कट्टे पे क्यों जाते हो?" त्यावर केशवराव म्हणाले होते, "तिवारीजी, हमारा कट्टा सिर्फ मुँह से चलता है." हा किस्सा त्यांनी वर्षानुवर्षं सांगितला. नवा माणूस आला की पहिल्यांदा हाच. वसुधाताई चहा देता देता म्हणायच्या, "झालं सुरू," आणि स्वतःही हसायच्या.

मग ते मंगळसूत्राचं झालं.

हाटचा दिवस होता. बिट्टन मार्केटात वसुधाताईंनी नेहमीसारखी एकेक भेंडी मोडून बघून घेतली होती, भाजीवालीशी मनसोक्त भांडण झालं होतं, आणि दोघं परतीला लागली होती. गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकलवरून दोन पोरं आली. मागच्याने गळ्यात हात घातला. मंगळसूत्र जुनं, पक्कं ओवलेलं, ते लवकर तुटेना, आणि वसुधाताईंनी ते सोडलं नाही. सोडायला हवं होतं, पण त्या क्षणाला कुणाला सुचतं? फरफटत गेल्या, आणि शेवटी ते तुटून गेलंच. गळ्याजवळचं हाड मोडलं, मानेची कातडी सोलली. केशवराव दोन पावलं पुढे होते. ते वळले आणि उभे राहिले. ओरडले नाहीत, धावले नाहीत. दोन्ही हातांत भाजीचे थैले होते, तेसुद्धा त्यांनी खाली ठेवले नाहीत.

वसुधाताईंनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. हाडं जुळतात, त्यांना वाटायचं, आणि हे काय पहिलवान होते की काय! पण केशवरावांना ते थैले सुटेनात. जेवता जेवता मध्येच म्हणायचे, "मी थैले धरून उभा राहिलो गं." त्या म्हणायच्या, "बरं झालं, टमाटे तरी वाचले." हसवायला बघायच्या. हे हसत नसत.

वसुधाताईंना हवं होतं ते एवढंसंच. थैला घ्यावा, फाटक उघडावं आणि एकटीनं बाजारात जावं, पूर्वीसारखं. तेच जमेना. फाटकापर्यंत जायच्या, मोटरसायकलचा आवाज आला की हात आपोआप गळ्याशी, आणि परत आत. दारावर येणाऱ्या हातगाडीची शिळी मेथी घ्यायच्या आणि निवडताना रडायच्या. केशवरावांनी ते पाहिलं. म्हणाले, "तू जाशील परत. अगदी आरामात जाशील. ही माझी जिम्मेदारी."

आणि भावाचं ते आपल्या नावावर करून घ्यायच्या मागे लागले. कलेक्टर ऑफिस, पोलीस थाना, डॉक्टरचा दाखला, परत कलेक्टर ऑफिस. जो माणूस गॅसच्या सिलेंडरची तक्रार करायला लाजायचा, तो बाबू लोकांशी भांडू लागला. लायसन्स हातात आलं त्या दिवशी पेढे आणले. पेढे! वसुधाताईंनी देवापुढे ठेवले आणि मनात म्हटलं, देवा, तूच खा बाबा.

तेव्हापासून हे जिथे, तिथे ते. उजव्या कमरेला कातडी खोळ, वरून ढगळ बुशशर्ट, आणि भोपाळच्या मे महिन्यात त्यावर जाकीट. दूध आणायला जाताना ते, पेन्शनचं काम असलं तरी ते. लग्नात जेवायला वाकले की बरगडीत टोचायचं, म्हणून ताट हातात घेऊन उभ्याने जेवायचे. दर दोन मिनिटांनी हात कमरेशी. कट्ट्यावरच्या दाणींनी विचारलं, "केशवराव, मूतखडा झालाय की काय?" सगळे हसले. ओटा बुटका, तिथे बसलं की शर्ट वर सरकायचा, ते दिसेल अशी भीती. हळूहळू त्यांनी कट्ट्यावर जाणंच सोडलं. त्यांच्याशिवाय दाणी तिवारीजींचा किस्सा सांगायचे, पण त्यात मजा येत नाही असं अनुराधा म्हणाली.

एकदा वसुधाताईंनी विचारलंच, "अहो, त्या दिवशी ते कमरेला असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"काढलं असतं."

"आणि थैले कुठे ठेवले असते?"

केशवराव उठून दाराची कडी पुन्हा एकदा बघून आले.

कारण आता एक नवीनच भानगड झाली होती. आधी चिंता मंगळसूत्राची होती, आता त्याची. कुणाला कळलं तर? भोपाळात असल्या चिजेसाठी लोक माणूस पाडतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. रस्त्यावर कुणी जवळ आलं की हे भिंतीकडे सरकणार. रिक्षावाल्याने सुटे मागितले तरी दचकणार. ज्याने आपलं रक्षण करायचं, त्याचंच रक्षण करत हा माणूस सुकत चालला. सोनल फोनवर म्हणाली, "बाबा, ते घरात असेपर्यंत मी माझ्या छोटूला आणणार नाही." यावर ते फक्त एवढंच म्हणाले, "तू दूर आहेस. तुला इथलं काय माहीत?"  आणि वसुधाताई? त्या बाजारात गेल्या का? नाव नको. एकटीला हे जाऊ देईनात, आणि यांच्याबरोबर जाणं म्हणजे दर मोटरसायकलीला यांचा चेहरा पांढरा पडलेला बघणं. त्यापेक्षा शिळी मेथी बरी.

दसऱ्याला घरात दरवर्षी विळी, कात्री, सोनलच्या वेळची शिलाई मशीन, पेन, सगळ्यांची पूजा व्हायची. यंदा केशवरावांनी चौरंगावर ते आणून ठेवलं. वसुधाताईंनी विळीला हळदकुंकू लावलं, मशीनला लावलं, आणि करंडा खाली ठेवला. केशवरावांनी स्वतःच त्याला हळदकुंकवाचं बोट टेकवलं. मग म्हणाले, "आज संध्याकाळी सगळे कट्ट्यावर सोनं वाटायला जमणार आहेत. चल, चालत जाऊ. मी आहे ना." त्यांच्या आवाजात पूर्वीचं काहीतरी होतं. वसुधाताईंना वाटलं, चला बाई, निघतंय माणूस बाहेर. त्यांनी ठेवणीतली साडी काढली. गळा मोकळाच होता, दोन वर्षांपासून त्यात त्या काहीच घालत नव्हत्या.

ऊन अजून होतं. पार्कच्या भिंतीकडेने दोघं चालली होती आणि किती दिवसांनी वसुधाताईंना बरं वाटत होतं. कुणाच्या तरी घरून पुऱ्या तळल्याचा वास येत होता. मागून मोटरसायकल आली, सावकाश झाली आणि शेजारी थांबली. वर एकच मुलगा, हेल्मेट घातलेला. एक हात खिशात घालत त्याने विचारलं, "अंकल, कट्टा किधर है?"

वसुधाताईंच्या लगेच लक्षात आलं. अगं बाई, हा आपला! त्या 'किधर है'ला सांगली-कोल्हापूरकडचा असा काही हेल होता की हिंदीचं नुसतं नाव. दाणींनी वरची खोली एका नव्या इंजिनिअरला दिली आहे, बदली होऊन आलाय, एकटाच आहे, हे अनुराधेनं सांगितलं होतं. त्यांनी हसून हात उचलला, उजवीकडे, कडुनिंबाकडे दाखवायला. तोंड उघडलं. आणि कानाशी आवाज झाला.

मोटरसायकल आडवी झाली. मुलगा तिच्याखाली. केशवराव दोन्ही हातांत ते धरून उभे होते, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "त्याने कट्टा मागितला गं. त्याला कळलं होतं. कट्टा मागत होता माझा."

"अहो, आपला कट्टा!" वसुधाताई किंचाळल्या. "आपला! आपला हो!"

केशवरावांना क्षणभर काही समजलं नाही. मग समजलं. कट्टा हा शब्द ज्याने त्या ओट्याला दिला, त्या माणसाला तो समजायला एवढा वेळ लागला. ते होते तिथेच रस्त्यावर खाली बसले.

वसुधाताईंनी हेल्मेट काढलं. पंचवीस-सव्वीसचं पोर. "काकू," तो म्हणाला, "काय झालं?" खिशातून फोन निम्मा बाहेर आला होता आणि त्याबरोबर आपट्याची पानं. त्या म्हणाल्या, "काही नाही रे बाळा, काही नाही." पदर त्याच्या पोटाशी दाबून धरला. आवाज ऐकून कट्ट्यावरचे सगळे धावत आले, दाणी पुढे. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग केशवरावांकडे. "कौस्तुभ," एवढंच म्हणाले. त्यांनीच त्याला बोलावलं होतं. सणाचा एकटा काय बसतोस खोलीत, ये कट्ट्यावर, म्हणून.

गळ्यात मंगळसूत्र असतं, तर काळे मणी आणि दोन वाट्या बघून त्याने मराठीतच विचारलं असतं. 'काका, कट्टा कुठे आहे?' एवढं विचारलं असतं तर यांनी त्याला हाताला धरून नेलं असतं, वर तिवारीजींचा किस्सा ऐकवला असता. हा विचार वसुधाताईंच्या डोक्यातून गेला नाही, जाणारही नाही.

थान्यात केशवरावांना बाकावर बसवलं होतं. कमरेचं ते पोलिसांनी नेलं होतं, तरी हात तिथेच जात होता. वसुधाताईंना पाहून त्यांनी विचारलं, "तुला काही लागलं नाही ना?" खरंच काळजीने विचारलं. वसुधाताईंना इतका राग आला, इतका राग आला, की त्या तशाच बाहेर आल्या, आणि बाहेर आल्यावर त्यांना रडूही येईना.

कौस्तुभ दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. त्याची आई दुपारी पोचली. गावाकडची बाई, आयुष्यात पहिल्यांदा महाराष्ट्राबाहेर आलेली. दाणी कागदपत्रांच्या मागे होते. वसुधाताई रात्रीपासून अस्पतालाच्या बाकावर होत्या. घरी जा असं सगळ्यांनी सांगितलं होतं, त्या हलल्या नव्हत्या. कशासाठी बसल्या होत्या, त्यांनाच माहीत नव्हतं. ती बाई शेजारी येऊन बसली. वसुधाताईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, "घ्या, थोडं तरी प्या."

बाईने चमकून पाहिलं. "मराठी हायसा व्हय तुम्ही?" आणि तिने वसुधाताईंचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. "बरं झालं बाई. हितं कोण काय बोलतंय, मला उमजंना झालंय. तुम्ही जाऊ नका कुठं."

वसुधाताई गेल्या नाहीत. हातही सोडवून घेतला नाही. सांगायला हवं होतं, तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो हात इतका गरम होता.

थोड्या वेळाने थान्यातला दरोगा आला. वसुधाताईंकडे बघून भरभर म्हणाला, "माताजी, आप यहाँ कैसे? इनको मालूम है कि गोली आपके पति ने चलाई है?"

"काय म्हणाले हो ते?" बाईने विचारलं.

दरोगा थांबला. कॉरिडॉरमध्ये दुसरं मराठी कुणी नव्हतं. वसुधाताईंना पळून जावंसं वाटलं, पण हात तिच्या हातांत होता.

"ते म्हणाले," वसुधाताई म्हणाल्या, "गोळी ज्यांनी मारली, त्यांची बायको मी."

हात काही वेळ तसाच राहिला. मग बाईने एकेक बोट सोडवलं.  

"काय करत हुतं माझं पोरगं?" तिने विचारलं. "काय घेतलं हुतं त्यानं तुमचं?"

"काही नाही हो. वाट विचारत होता."

"मग सांगायची की हो," ती म्हणाली. "वाट सांगायची की."